गणपतीची स्मरणिका छापायची की पीडीएफ काढायची? कागदानी पर्यावरणाचं नक्की किती नुकसान होतं?

अनघा_सुदामानगर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय पण खरंच मदत हवीये. इंदूरला आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो, त्यात दरवर्षी स्मरणिका निघते. ४८ पानी, ए-फाइव्ह साइझ, ५०० प्रती, आत आर्ट पेपर (प्रेसवाल्याच्या बिलात १३० जीएसएम लिहिलंय, म्हणजे एका चौरस मीटरला १३० ग्रॅम) आणि वर चकचकीत लॅमिनेशनचं कव्हर. निमंत्रणपत्रिका वेगळ्या, आरतीचं पुस्तक वेगळं, शिवाय दहाही दिवस चहाला कागदी कप अन् पोह्यांना कागदी प्लेटा. विसर्जनानंतर हॉल आवरायला आम्ही बायकाच असतो, तेव्हा मागच्या दाराशी कपांची जी रास लागलेली असते ती बघवत नाही, एकात एक घातलेले कप, तळाशी उरलेला चहा, त्यातच टिश्यू कोंबलेले, आणि तिथेच कपाटात मागच्या वर्षीच्या स्मरणिकांचे न सोडलेले गठ्ठे.

यंदाच्या मीटिंगमध्ये यावरून चांगलीच जुंपली. तरुण मुलं म्हणाली सगळं पीडीएफ करा, एक टन कागदाला १७ झाडं तोडतात. ज्येष्ठ मंडळी म्हणाली स्मरणिका हातात धरायची गोष्ट आहे, मोबाइलवर कोण वाचतं. खजिनदार काका म्हणाले कागद शेवटी रद्दीत जातो, त्याचा परत कागद होतो, मग बिघडलं कुठे. सगळे तावातावानी बोलत होते पण पक्की माहिती कोणाकडेच नव्हती. शेवटी मला सांगितलं की ताई तुम्ही माहिती काढा आणि पुढच्या मीटिंगला मांडा.

तर माझं विचारणं असं की कागद बनवताना नेमकं नुकसान कशानी होतं, झाडांनी की पाण्यानी की आणखी कशानी? १७ झाडांचं खरं आहे का? आणि आमच्यासारख्या मंडळानी हात नेमका कुठे घालायचा म्हणजे फरक पडेल? स्मरणिका बंद करून कप तसेच ठेवले तर त्याला काही अर्थ आहे का? इथे कागदाच्या धंद्यातलं, प्रेसमधलं किंवा नगर निगमच्या कचऱ्याच्या कामातलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

लगदा_ते_रीम

अनघाताई, माझी सगळी नोकरी पेपर मिलच्या लॅबमध्ये गेली, आता रिटायर होऊन इंदुरातच आहे. सविस्तर मागितलंत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते १७ झाडांचं. हा आकडा सगळीकडे फिरतो पण कुठलं झाड, किती जाड, लगदा कोणत्या पद्धतीनी काढला, हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. लाकडाचा लगदा करायच्या दोन मुख्य पद्धती. एक म्हणजे लाकूड नुसतं दळायचं, त्यात ९० टक्क्याच्या वर लाकूड कागदात येतं पण कागद लवकर पिवळा पडतो. दुसरी म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये चिप्स प्रेशरखाली शिजवायच्या, तिला क्राफ्ट पद्धत म्हणतात, तुमच्या वहीचा आणि झेरॉक्सचा पांढराशुभ्र कागद लाकडापासून बनलेला असेल तर तो बहुधा याच पद्धतीचा. त्यात निम्मंच लाकूड लगदा होतं, बाकी निम्मं म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून ठेवणारं लिग्निन वगैरे रसायनात विरघळून काळं दाट पाणी होतं, आम्ही त्याला ब्लॅक लिकर म्हणायचो. म्हणजे एक टन लगद्याला दोन टनाच्या वर कोरडं लाकूड. मोठ्या मिलमध्ये हे ब्लॅक लिकर आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळते आणि रसायनंही परत मिळतात. ज्या छोट्या मिलकडे हे रिकव्हरीचं युनिट नसायचं त्यांचं काळं पाणी सरळ नाल्यात आणि नाल्यातून नदीत. गव्हाचा पेंढा नाहीतर उसाची चिपाडं वापरणाऱ्या छोट्या मिलमध्ये ही तक्रार जास्त होती. लोक म्हणतात ना की पेंढ्याचा कागद म्हणजे पर्यावरणाला चांगला, तर झाड वाचलं हे खरं पण नदीला काय मिळालं तेही बघावं लागतं.

त्यानंतर ब्लीचिंग. लगदा मुळात तपकिरी असतो, खोक्याच्या पुठ्ठ्यासारखा, तो पांढरा करायला पूर्वी क्लोरिन वायू वापरायचे आणि त्यातून डायॉक्सिनसारखी घातक संयुगं पाण्यात जायची, जी मोडत नाहीत आणि माशांच्या चरबीत साठत जातात. आता चांगल्या मिल क्लोरिन डायऑक्साइड, ऑक्सिजन, पेरॉक्साइड वापरतात, त्यामुळे पुष्कळ सुधारणा झाली. पण ताई, जितका पांढरा कागद मागाल तितकं रसायन आणि पाणी जास्त, हे काही बदललं नाही. इतका पांढराशुभ्र कागद हवाच कशाला आरतीच्या पुस्तकाला?

आता आपल्या देशातलं चित्र सांगतो, कारण तरुण मुलं इंटरनेटवर बाहेरच्या देशांचं वाचतात. भारतात जो कागद बनतो त्यातला साधारण ७० टक्के रद्दीपासून बनतो. लाकडापासून बनणारा पाचवा हिस्सा धरा, बाकी चिपाडं आणि पेंढा. आणि जे लाकूड येतं ते बहुतेक सुबाभूळ, नीलगिरी, सुरू, शेतकऱ्यांनी शेतात लावलेलं, काही वर्षांत तोडायला येणारं. म्हणजे वही फाडली की जंगल तुटलं असं सरळ गणित इथे बसत नाही. पण याचा अर्थ खजिनदार काका म्हणतात तसा बिघडलं कुठे असाही नाही. आपल्याकडे माणशी वर्षाला १५ किलोच्या आसपास कागद लागतो, जगाची सरासरी ५० किलोच्या वर आहे, म्हणजे आपला वापर अजून खूप वाढणार, आणि देशातली स्वच्छ रद्दी पुरत नाही म्हणून मिल बाहेरच्या देशातून रद्दी मागवतात, त्या गाठींमध्ये प्लास्टिकही मिसळून येतं. म्हणून माझ्या मते तुमच्या मंडळासाठी खरा प्रश्न हा आहे की तुमच्याकडून बाहेर पडणारा कागद परत मिलपर्यंत पोचण्यासारखा आहे का. स्मरणिकेचं लॅमिनेशन, कपाचा आतला थर, प्लेटची चंदेरी चकाकी, हे सगळं त्या परतीच्या वाटेतले अडथळे आहेत.

वकीलसाहेब_तुकोगंज

काकांनी फार छान सांगितलं. मी इंदूर खंडपीठात प्रॅक्टिस करतो, कागदाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आमचाच धंदा असेल. एक पिटिशन, तिच्या चार-पाच प्रती, प्रत्येकीला शेकड्यानी पानांचे अनेक्शर म्हणजे जोडलेली कागदपत्रं, आणि वर्षानुवर्ष पद्धत अशी की लीगल साइझ कागद, एकाच बाजूला टायपिंग, मोठा मार्जिन, डबल स्पेसिंग. मागची बाजू कोरीच. सुप्रीम कोर्टानी २०२० साली ठरवलं की ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी प्रिंट. लीगल साइझ ए-फोरपेक्षा जवळजवळ पाव हिश्शानी मोठा असतो, आणि पाठपोट छापलं की कागद निम्मा. एका सर्क्युलरनी जेवढा कागद वाचला तेवढा आपण घरी बसून जन्मभरात वाचवू शकणार नाही. रेल्वेचंही तसंच, २०१८ मध्ये मोठ्या स्टेशनांवर डब्यांवर रिझर्वेशनचे चार्ट चिकटवणं बंद केलं, प्रवासी मोबाइलवर बघायला लागले, कोणाचं काही अडलं नाही.

सांगायचं हे की अनघाताई, लोकांना कागद वापरू नका म्हणून सांगू नका, मंडळाचा नियमच बदला. ठराव करा की मंडळाचं प्रत्येक पत्र, अहवाल, हिशोब पाठपोट छापला जाईल आणि वार्षिक अहवालाची छापील प्रत जो मागेल त्यालाच. आमच्या ऑफिसमध्ये पाठकोऱ्या कागदांचा वेगळा ट्रे केला, कच्चा ड्राफ्ट त्यावरच निघतो, पहिले पंधरा दिवस ज्युनियर कुरकुरले मग सवय झाली.

रद्दी_ही_लक्ष्मी

मी एका संस्थेबरोबर सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाचं काम करते, बेल्टवर उभं राहून हातानी निवडायचं काम जवळून बघितलंय म्हणून लिहिते.

आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, गाडी दारात येते, ओला सुका वेगळा, आता तर सहा प्रकारात वेगळा करायला सांगतात. पण घराघरातून सुका म्हणून जो कागद येतो ना त्यातला बराच कागद कागद म्हणून वाचतच नाही. पिझ्झाचं खोकं, आत चीज चिकटलेलं. समोशाचा कागद, तेलानी पारदर्शक झालेला. केकचा पुठ्ठा, क्रीमसकट. लगद्यात तेल गेलं की ते तंतूंपासून वेगळं होत नाही, कागदावर डाग आणि भोकं पडतात, म्हणून व्यापारी असा माल घेतच नाही, एका तेलकट खोक्यापायी खालचे चार चांगले कागदही खराब होतात. आणि ओल आली की भाव पडतो. घरी पेपरची रद्दी नीट घडी घालून, सुतळीनी बांधून, कबाड्याला विकायची जी आपल्या आई-आजीची पद्धत होती तीच सगळ्यात उत्तम रिसायकलिंग आहे, त्या रद्दीला कोणाचा हात लागायची गरज पडत नाही, सरळ गठ्ठा बांधून पुढे जाते.

आता कपांचं. अनघाताई तुम्ही हॉलच्या मागच्या राशीचं लिहिलंत ते वाचून पोटात कालवलं. कागदी कप नुसता कागदाचा नसतो हो! आत पॉलिथिनचा पातळ थर असतो, तो नसता तर चहा दोन मिनिटांत खाली गळला असता. एक कप घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी नखानी खरवडा, आतून अख्खी प्लास्टिकची पिशवी सुटून येते, कपाच्याच आकाराची. मी शाळांमध्ये मुलांना हे करून दाखवते, ती पिशवी हातात घेतली की मुलांचे चेहरे बदलतात. तो थर वेगळा करायची सोय साध्या मिलमध्ये नसते म्हणून कप रद्दीत जात नाही, प्लास्टिकमध्ये जात नाही आणि खतातही जात नाही. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२० मध्ये तपासलं होतं, १०० मिली गरम पेय १५ मिनिटं कागदी कपात ठेवलं तर त्यात साधारण २५,००० मायक्रोप्लास्टिकचे कण उतरतात. १ जुलै २०२२ पासून सिंगल यूज प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तू बंद झाल्या आणि लोकांनी खुशीखुशीत कागदी कप आणि कोटिंगच्या प्लेटा आणायला सुरुवात केली, वाटतं आपण चांगलं करतोय, पण प्लास्टिक फक्त आतल्या बाजूला गेलं.

दुसरं, पोहे वर्तमानपत्रावर देऊ नका. राजवाड्यापासून गल्लीतल्या ठेल्यापर्यंत ही आपली जुनी सवय आहे पण छपाईच्या शाईत जड धातू आणि रसायनं असतात, गरम तेलकट पदार्थाला ती लागतात, आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत एफएसएसएआयनी, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनी, खाण्यासाठी वर्तमानपत्र वापरायला मनाई केलीये. पेपर तेलकट झाला म्हणजे रद्दीही गेली आणि पोटातही नको ते गेलं.

दुकानातली गुळगुळीत बिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या, त्याही रद्दीत टाकू नका. तो थर्मल कागद असतो, त्यावर शाई नसते, रसायनाचा थर असतो, बऱ्याचदा बिस्फेनॉल ए, ते रद्दीबरोबर लगद्यात मिसळतं आणि मग टिश्यू पेपरपर्यंत पोचतं.

कोणी म्हणेल कागदच आहे, कचऱ्यात पडला तर कुजेल. कुजतो, पण ढिगाऱ्याखाली हवा नसते, तिथे कुजताना मिथेन निघतो आणि मिथेन १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २८ पट उष्णता धरतो. देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता तो ज्यांनी बघितलाय, त्या वासात आणि धुरात जे राहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तो डोंगर मोठ्या मेहनतीनी हटवलाय, परत उभा राहायला नको.

कल्याणी_आजी

सगळ्यांचं वाचलं. माझं वय ७५ च्या पुढे, या वादात मी ज्येष्ठांच्या बाजूची, पण नुसतं हट्टानी नाही. इंदुरात आपल्या लोकांनी दीडशे-दोनशे वर्षं काय केलं, कोणती नाटकं बसवली, कोणाच्या वाड्यात गाणी झाली, हे कुठे सापडतं? जुन्या स्मरणिकांमध्ये आणि अंकांमध्येच. माझ्या सासऱ्यांचा लेख असलेला एक अंक माझ्याकडे आहे, पानं तपकिरी पडलीत, कडा तुटतात, पण वाचता येतो. मागच्या पाच वर्षांत मंडळानी व्हॉट्सअपवर पाठवलेली एक तरी पीडीएफ कोणाकडे आहे का आज? मोबाइल बदलला की गेली. म्हणून छापणं बंद करू नका, नुकसान होईल. मात्र ५०० प्रती कशासाठी, हे मलाही कळत नाही. अर्ध्या तर जाहिरातदारांना मोजून द्यायच्या असतात आणि ते उघडतही नाहीत.

अजून एक, आमच्या लहानपणी वर्ष संपलं की वह्यांतली कोरी पानं काढायची, दाभणानी भोकं पाडून जाड दोऱ्यानी शिवायची, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर, आणि पुढच्या वर्षीची रफ वही तयार. तेव्हा पर्यावरण हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं, कागद महाग होता आणि विद्येची वस्तू म्हणून पाय लागला तर नमस्कार करायचो. मंडळातल्या मुलांकडून उन्हाळ्यात या वह्या करून घ्या, मी शिकवायला येईन.

निमाडचा_बांबू

आजींना नमस्कार. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो. वर काकांनी म्हटलं की आज लाकूड शेतातून येतं, ते बरोबर, पण तसं का झालं तेही मीटिंगमध्ये सांगा, नाहीतर मुलांना वाटेल जंगलाला धोका कधी नव्हताच.

आपल्या इंदूरपासून फार लांब नाही, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगर आहे. देशातला न्यूजप्रिंटचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाचा, पहिला कारखाना तिथला, १९५६ मध्ये नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. सुरुवातीला तो निमाडच्या जंगलातल्या सालईच्या झाडांवर आणि बांबूवर चालायचा. पुढे जुन्या कागदाची शाई काढून त्याच लगद्यावर चालायला लागला, मध्ये उत्पादन बंद पडलं होतं, नवी यंत्रं बसवून २०२२ मध्ये परत सुरू झालं. एकाच कारखान्याच्या आयुष्यात जंगलापासून रद्दीपर्यंतचा प्रवास दिसतो.

आणि बांबूचं काय झालं ते पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटकात अभ्यासलंय. उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला दीड रुपया टन अशा भावानी दिला जायचा आणि टोपल्या विणणाऱ्या बुरूडांना तोच बांबू बाजारातून त्याच्या कितीतरी पट भावानी घ्यावा लागायचा. बांबूची बेटं नाहीशी व्हायला लागली तेव्हा कारखाना म्हणायचा गावकऱ्यांच्या गुरांनी खाल्ली. गाडगीळ रानात हिंडले, गावकऱ्यांशी बोलले, तर कळलं की बेटाच्या बुंध्याशी काटेरी जाळी असते, वाढ चांगली व्हावी म्हणून ती साफ करून टाकत होते, आणि ती जाळीच तर कोवळ्या कोंबांचं जनावरांपासून रक्षण करायची. काटे गेले आणि नवा बांबू उगवायच्या आधीच खाल्ला जायला लागला. इतकी साधी गोष्ट, गावातल्या माणसाला ठाऊक होती आणि कागदोपत्री कोणालाच नव्हती. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनी मग स्पष्ट म्हटलं की कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी संबंध जोडून उभा करावा आणि जंगलाचा माल सवलतीत देणं थांबवावं. आज शेतातली नीलगिरी दिसते ती त्यामुळे. नीलगिरीचेही प्रश्न आहेत, एकाच जातीच्या रांगा म्हणजे जंगल नाही, पक्ष्यांना आणि झुडपांना तिथे जागा नसते, पण सालईचं उभं जंगल तोडण्यापेक्षा ते बरंच बरं म्हणायचं.

पीडीएफ_पार्टी

मी त्या तरुण मुलांच्या बाजूनी दोन शब्द बोलू का? मी आयटीत आहे. पीडीएफला विरोध करताना लोक म्हणतात सर्व्हरला पण वीज लागते, मोबाइल पण पर्यावरणाला वाईट. ते खरं आहे, मोबाइलचं सगळ्यात जास्त नुकसान तो बनवताना होतं, पण मोबाइल काही आपण स्मरणिकेसाठी विकत घेत नाही, तो आहेच सगळ्यांच्या हातात. एक ४८ पानी पीडीएफ एकदा उतरवून वाचायला लागणारी वीज नगण्य असते. सो निमंत्रणं, कार्यक्रमपत्रिका, हिशोब हे तर शंभर टक्के मोबाइलवरच पाहिजेत, आठवडाभरानी ज्याचा उपयोग संपतो ते छापायचं कशाला. आजी म्हणाल्या पीडीएफ हरवते ते मान्य, त्यासाठी फाइल एका ठिकाणी ठेवायची सोय करता येते, मंडळाच्या नावानी एक ड्राइव्ह उघडा, सगळ्या वर्षांचे अंक तिथे, जुने स्कॅन करून टाका, स्कॅनिंगचं काम मी फुकट करून देतो.

अनघा_सुदामानगर

बापरे किती छान माहिती मिळाली, सगळ्यांचे मनापासून आभार. कपाचा प्रयोग मी कालच रात्री केला, सकाळी खरंच पिशवी निघाली, ती वाळवून ठेवलीये मीटिंगमध्ये फिरवायला. आजी तुम्ही म्हणता ते पटलं, स्मरणिका बंद करायची नाही. माझ्या डोक्यात असं येतंय की निमंत्रणं फक्त मोबाइलवर, अगदी जुन्या घरांतल्या ज्येष्ठांना हातानी लिहिलेलं पोस्टकार्ड. चहाला स्टीलचे पेले, मंडळाकडे आहेतच, धुवायला एक मावशी लावायच्या, जो पैसा कपांवर जातो त्यातच त्यांचे पैसे निघतील असं खजिनदार काकांनी हिशोब करून सांगितलं आणि गंमत म्हणजे आता तेच सगळ्यात उत्साहात आहेत. पोह्यांना पळसाच्या पानांचे द्रोण. स्मरणिका १५० प्रती.

लगदा काका, आता स्मरणिकेच्या कागदाचं तुम्हीच सांगा, प्रेसवाला म्हणतो आर्ट पेपरशिवाय फोटो चांगले येत नाहीत. आणि कव्हरला लॅमिनेशन नको तर मग काय?

लगदा_ते_रीम

पेल्यांचं वाचून फार बरं वाटलं ताई. कागदाचा हिशोब असा की १६ ए-फोर ताव म्हणजे एक चौरस मीटर, तुमची ४८ पानं ए-फाइव्ह म्हणजे १२ ए-फोर ताव, म्हणजे पाऊण चौरस मीटर. १३० जीएसएमनी आतला कागद साडेसत्त्याण्णव ग्रॅम, वर २५० जीएसएमचं कव्हर असेल तर आणखी पंधरा-सोळा ग्रॅम, एक प्रत ११३ ग्रॅमच्या आसपास, ५०० प्रती म्हणजे ५६ किलोच्या वर. आता आत ७० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे थर न दिलेला छपाईचा साधा कागद, घ्या आणि कव्हरला १७० जीएसएमचा साधा जाड कागद, एक प्रत ६३ ग्रॅम, १५० प्रती साडेनऊ किलो. छपाईत वाया जाणारा कागद यात धरला नाही, तो दोन्हीकडे असतोच.

आर्ट पेपरचा तोटा वजनापुरता नाही. तो गुळगुळीत असतो कारण त्यावर चुनखडीचा किंवा चिनी मातीचा थर दिलेला असतो, रद्दीतून परत लगदा करताना तो सगळा थर गाळात जातो, तंतू कमीच मिळतात. मॅपलिथोवर फोटो थोडे मऊ येतात, पण नीट स्कॅन केलेले असले तर वाईट अजिबात दिसत नाहीत, वाटल्यास मधली चार पानं फक्त आर्ट पेपरची ठेवा आणि सगळे फोटो तिथे आणा. लॅमिनेशन, यूव्हीचा चकचकीत थर, सोनेरी फॉइल तिन्ही नको. लग्नपत्रिकांमध्ये हल्ली हे तिन्ही एकदम असतं आणि त्या पत्रिका मिलमध्ये आल्या की प्लास्टिकच्या झिपऱ्या चाळणीत अडकायच्या, तासाला एकदा मशीन थांबवून काढाव्या लागायच्या. बांधणी गोंदाची नको, मध्ये दोन पिना मारून घ्या. पिना लोखंडी असतात, मिलमध्ये सहज वेगळ्या होतात, पण गरम गोंदाचे चिकट गोळे लगद्यात फिरत राहतात आणि नव्या कागदावर चिकटतात, लॅबमध्ये आमची अर्धी डोकेदुखी तीच असायची.

छपाईचं एक लक्षात घ्या. १५० प्रतींना प्रेसवाला म्हणेल ऑफसेटच्या प्लेटा (छपाईसाठी बनवतात ते धातूचे पत्रे) परवडत नाहीत, डिजिटलवर काढू. डिजिटलमध्ये टोनर म्हणजे शाईची भुकटी असते, ती झेरॉक्ससारखी कागदावर वितळवून चिकटवलेली असते, रद्दीतून शाई काढताना ऑफसेटची शाई फेसाबरोबर वर येऊन निघते, टोनरचे पापुद्रे तेवढे सहज निघत नाहीत. म्हणून आतली पानं एका रंगात ऑफसेटवर घ्या, एका रंगाला प्लेटा कमी लागतात, आणि फोटोंची ती चार पानं हवी तर डिजिटल. त्याला दोन्हीचं कोटेशन वेगवेगळं मागा. रद्दीपासून बनवलेला कागद मिळतो का तेही विचारा, खजूरी बाजारात कागदवाल्यांकडे विचारलं तर थोडा मळकट पांढरा असा मिळून जावा, आरतीच्या पुस्तकाला तर तोच घ्या.

रद्दी_ही_लक्ष्मी

एक राहिलं. पळसाचे म्हणून द्रोण विकत घेताना उलटे करून बघा, बऱ्याच ठिकाणी पानाच्या खाली किंवा वर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, मशीनवर दाबलेले असतात ना त्यांत. काडीनी टोचलेले, नुसत्या पानांचे मागा. वापरलेले द्रोण ओल्या कचऱ्याच्या डब्यात, आणि चहाच्या टेबलाजवळ टिश्यूचा डबा ठेवूच नका, टिश्यू वापरल्यावर परत कागद होत नाही, एक नॅपकिन आणि हात धुवायला बादली-मग पुरे. आणि कपाटातले जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे विकायच्या आधी प्रत्येक वर्षाच्या दोन-दोन प्रती काढून ग्रंथालयात द्या, मग उरलेल्यांची कव्हरं फाडून आतली पानं वेगळी करा, तशी दिली तर कबाडी चांगला भाव देईल.

कल्याणी_आजी

कव्हरं फाडायला रविवारी या माझ्याकडे, चहा करते. आणि १९९० च्या आधीचा कोणताही अंक फाडायच्या आधी मला दाखवा.

पीडीएफ_पार्टी

आजी मी स्कॅनर घेऊनच येतो.